वॉरंटीत बदलून आलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क नवी की रिफर्बिश्ड (परत आलेली, दुरुस्त करून तपासलेली), हे कसं ओळखायचं?

स्टुडिओवाली_बार्शी

नमस्कार मंडळी. बार्शीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, बारशी, शाळांची गॅदरिंगं असं काम असतं. ऐन लग्नसराईत आमची ४ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क बंद पडली. लावली की आतून टकटक आवाज यायचा आणि विंडोजला ती दिसायचीच नाही. तिच्यातलं सगळं दुसऱ्या डिस्कवर होतं, त्यामुळे गिऱ्हाइकांचं काही गेलं नाही. डिस्क ३ वर्षांच्या वॉरंटीत होती. कंपनीच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, पुण्याच्या सेंटरला कुरिअर केली आणि बदली डिस्क घरपोच आली.

प्रश्न या बदली डिस्कचा आहे. नव्या डिस्कबरोबर येतं ते रंगीत खोकं, सील, केबल, माहितीपत्रक यातलं काहीच नाही. चंदेरी पिशवी, बबल रॅप आणि वर साधा पुठ्ठा. डिस्क मात्र चकचकीत आहे, एक ओरखडा नाही. जिथून पहिली घेतली तो दुकानदार म्हणतो, "कंपनीकडून आलीय म्हणजे नवीच." आमचे मिस्टर म्हणतात, "खोकं नाही म्हणजे कुणाची तरी वापरलेली." त्यात विंडोज ४ टीबीऐवजी ३.६३ दाखवतंय, म्हणून शंका आणखी वाढली.

ती नवी आहे की वापरलेली, हे खात्रीनं कसं कळेल? आणि वापरलेली निघाली तर गिऱ्हाइकांचं काम तिच्यावर ठेवावं का? लोकांच्या लग्नाचे फोटो परत काढता येत नाहीत, म्हणून नीट विचारून घेतेय.

गणिताचा_तास

३.६३ ची शंका आधी काढून टाका. कंपनी ४ टीबी म्हणते म्हणजे ४ लाख कोटी बाइट. विंडोज तोच आकडा १०००ऐवजी १०२४नं चार वेळा भागतं, म्हणून ३.६३ येतं. अगदी कोऱ्या डिस्कवरही एवढंच दिसेल. बाकीचं जाणकार सांगतील.

पेचकस

ताई, मुंबईत लॅमिंग्टन रोडला माझं डिस्क दुरुस्तीचं आणि डेटा रिकव्हरीचं काम आहे. अशा बदली डिस्का माझ्या टेबलावर नेहमी येतात, तेव्हा जरा लांबण लावतो.

खोक्यावरून काहीही ठरत नाही. वॉरंटीत बदलून जाणारा माल नवा असो की रिफर्ब, तो बहुधा असाच साध्या पुठ्ठ्यात येतो. केबल येत नाही, कारण तक्रार फक्त डिस्कची असते. तेव्हा मिस्टरांचं कारण बाद. पण दुकानदाराचं कारण त्याहून कच्चं आहे. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीच्या अटींत सरळ लिहिलेलं असतं की बदली डिस्क नवी किंवा दुरुस्त करून तपासलेली, कुठलीही मिळू शकते. तुमच्या कंपनीच्या साइटवर त्या अटी काढून वाचा. मी तरी अशी डिस्क हातात आली की ती रिफर्ब आहे असं धरूनच सुरुवात करतो.

आता लेबल बघा, चांगल्या उजेडात आणि शक्यतो भिंग घेऊन. 'रीसर्टिफाइड', 'रीफर्बिश्ड', 'सर्टिफाइड रिपेअर्ड' असे शब्द बारीक अक्षरात, बारकोडच्या आसपास छापलेले असतात. सीगेटच्या अशा डिस्कच्या लेबलला पूर्वी हिरवी किनार असायची, डब्ल्यूडीच्या लेबलवर 'रीसर्टिफाइड' लिहिलेलं सापडतं. शब्द सापडला तर प्रश्न तिथेच मिटला. नाही सापडला तर मात्र 'नवी' असा अर्थ काढू नका, कारण तुम्हाला दिसतंय ते बाहेरच्या डब्याचं लेबल. आतल्या डिस्कचं लेबल वेगळं असतं.

ते बघायला डबा उघडू नका, हे कळकळीनं सांगतो. वॉरंटी तर जाईलच, शिवाय हाती काही लागेलच असं नाही. अडीच इंची पोर्टेबलच्या बऱ्याच मॉडेलांत यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या सर्किट बोर्डावरच असतं, आत साटाची, म्हणजे डिस्क थेट कॉम्प्युटरला जोडायची, पिन नसतेच. दुसऱ्या मशिनला जोडून बघू म्हणून उघडणारे तिथेच अडकतात आणि मग माझ्याकडे येतात.

यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका. डिस्क स्वतःचा हिशोब स्वतः ठेवते, त्याला 'स्मार्ट' म्हणतात. उजवीकडे वर 'पॉवर ऑन अवर्स' म्हणजे एकूण चाललेले तास आणि 'पॉवर ऑन काउंट' म्हणजे किती वेळा चालू झाली, हे दिसेल. नव्या डिस्कवर तास शून्य किंवा फार तर एक आकडी असतात. खालच्या तक्त्यातले आकडे सुरुवातीला हेक्साडेसिमलमध्ये दिसतात, त्यांना घाबरू नका. 'फंक्शन' मेनूत 'ॲडव्हान्स्ड फीचर', त्यात 'रॉ व्हॅल्यूज' असा पर्याय आहे, तिथे दशमान निवडा.

तक्त्यात तीन ओळी महत्त्वाच्या. '०५' म्हणजे खराब होऊन बदलावे लागलेले सेक्टर (डेटा साठवायचे छोटे कप्पे), 'सी५' म्हणजे वाचता न आल्यानं निकालाच्या रांगेत उभे असलेले सेक्टर आणि 'सी६' म्हणजे तपासणीत दुरुस्त न होऊ शकलेले. तिन्ही शून्य हवेत. 'सी७' वाढत असेल तर बहुधा जोडणीत दोष असतो, डिस्कला बोल लावू नका. सीगेटच्या डिस्कवर 'रीड एरर रेट' आणि 'सीक एरर रेट' समोर प्रचंड आकडे दिसतात. त्या आकड्यात एकूण किती वेळा वाचलं याचीही मोजणी मिसळलेली असते, म्हणून तो फुगतो. निव्वळ तो आकडा बघून चांगल्या डिस्का परत पाठवलेल्या मी पाहिल्यात.

आता खरी अडचण. कारखान्यात रिफर्ब करताना हे सगळे आकडे पुसून शून्यावर आणतात. एवढंच नाही. डिस्कमध्ये खराब जागांच्या दोन याद्या असतात, एक कारखान्यात बनतानाची आणि दुसरी वापरात वाढत गेलेली. रिफर्ब करताना पृष्ठभाग पुन्हा तपासून नव्यानं सापडलेल्या खराब जागा कारखान्याच्या यादीत टाकतात आणि वाढीव यादी कोरी करतात. त्यामुळे '०५' समोरचा शून्य पाहून डिस्क कधी खराब झालीच नव्हती असं म्हणता येत नाही. जुन्या गाडीचं किलोमीटरचं मीटर मागे फिरवावं, तसंच हे. फरक एवढाच की इथे कंपनी ते उघडपणे, आपल्या प्रक्रियेचा भाग म्हणून करते.

म्हणून तास जास्त दिसले तर डिस्क वापरलेली हे नक्की. तास शून्य दिसले तर काहीच नक्की नाही.

आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.

श्टुटगार्टकर

पेचकस यांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. थोडी भर घालतो, कारण आमच्याकडे जर्मनीत यावरून मोठा गदारोळ झाला.

२०२५ च्या जानेवारीत हाइझ या इथल्या तंत्रज्ञानविषयक वृत्तसंस्थेनं बातमी दिली की दुकानांत नव्या म्हणून विकल्या गेलेल्या सीगेटच्या मोठ्या सर्व्हर डिस्का प्रत्यक्षात हजारो तास चाललेल्या होत्या. स्मार्टमध्ये सगळं शून्य. पण सीगेटच्या डिस्कमध्ये 'फार्म' नावाची आणखी एक अंतर्गत नोंदवही असते आणि ती पुसायची राहून गेली होती. तिथे खरे तास सापडले, काही डिस्कांवर १५ हजारांहून जास्त. वर्षाचे तास होतात ८,७६०, म्हणजे दीड-दोन वर्षं अखंड चाललेला माल. चीनमधल्या 'चिया' या क्रिप्टो चलनासाठी डिस्का रात्रंदिवस चालवणाऱ्या केंद्रांतून तो आला असावा असा संशय होता. आपण हा माल पुरवला नाही, असं सीगेटनं सांगितलं. पुढे त्याच वर्षी मलेशियात क्वालालंपूरजवळ एका गोदामावर छापा पडला, तिथे असंच आकडे पुसून नवी लेबलं लावायचं काम चालू होतं. त्या काळात माझ्या ओळखीतल्या प्रत्येकानं घरातल्या डिस्का तपासून घेतल्या.

ती बाजारातली फसवणूक होती आणि ताईंचं प्रकरण वॉरंटीचं आहे, दोन्ही एक नाहीत. पण तपासायची रीत उपयोगी पडेल. स्मार्टमॉनटूल्स या कमांडवर चालणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरच्या ७.४ आवृत्तीपासून फार्म नोंदवही वाचता येते. ती फक्त सीगेटसाठी आणि यूएसबीच्या डब्यातून दर वेळी वाचता येईलच असं नाही. मात्र कुठल्याही कंपनीच्या डिस्कसाठी एक सोपी जागा आहे, ती म्हणजे स्व-चाचणीची नोंद. डिस्कनं स्वतःची तपासणी केली की त्या वेळी एकूण किती तास झाले होते ते तिथे लिहिलं जातं. आकडे पुसणाऱ्याच्या हातून ही नोंद कधी कधी सुटते. कमांड टाइप करायची सवय नसेल तर त्याच कामाचं, माउसनं चालणारं जीस्मार्टकंट्रोल घ्या. त्यात डिस्कवर डबल क्लिक केलं की स्व-चाचण्यांचा वेगळा टॅब आहे.

तिथेच तापमानाच्या नोंदीत डिस्कच्या आयुष्यातलं कमाल तापमानही दिसू शकतं. तीन तास चाललेल्या डिस्कनं ६० अंश कधी आणि कुठे पाहिले, हा प्रश्न मग आपोआप पडतो.

निशिगंध_नाशिक

मी ग्राहक आयोगात वकिली करते, म्हणून कायद्यापुरतं लिहिते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७). वापरलेला, दुरुस्त केलेला किंवा जुना माल नवा असल्याचं खोटं भासवणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकानात पूर्ण किंमत मोजून 'नवी' म्हणून घेतलेली डिस्क वापरलेली निघाली तर हे कलम सरळ लागू पडतं. तुमच्या प्रकरणात कंपनीनं अटींतच रिफर्ब देऊ असं लिहिलं असेल आणि 'ही नवी आहे' असं कुठेही म्हटलं नसेल, तर निव्वळ रिफर्ब दिली म्हणून तक्रार टिकणं कठीण. म्हणून कंपनीला ईमेलनं एकच प्रश्न विचारा: अमुक सिरीयल नंबरची बदली डिस्क नवी आहे की रिफर्बिश्ड? फोनवर नको, लेखी. उत्तरात 'नवी' म्हणाले आणि नोंदी वेगळं बोलत असतील, तर प्रकरणाचं रूपच बदलतं.

तुम्ही व्यवसाय करता म्हणून तुम्ही 'ग्राहक' नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. व्यापारी कारणासाठी घेतलेला माल कायद्यातून वगळला आहे, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वापरलेला माल त्या वगळण्यात येत नाही. नवरा-बायकोनं चालवलेला स्टुडिओ यात बसतो असं मला ठामपणे वाटतं. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. पुढे जायचं झालं तर तक्रार ऑनलाइन ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर करता येते, ५ लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क नाही आणि मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं.

स्टुडिओवाली_बार्शी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मिस्टर आणि मी बसून सगळं बघितलं.

लेबलवर तसा शब्द सापडला नाही, भिंग लावून पाहिलं. क्रिस्टलडिस्कइन्फोत तास ३, चालू झाल्याची संख्या ५, '०५', 'सी५', 'सी६' तिन्ही शून्य आणि वर निळ्या चौकोनात 'गुड'. मिस्टर म्हणाले, झालं, नवीच आहे. मग जीस्मार्टकंट्रोल लावलं. स्व-चाचणीच्या टॅबमध्ये एक ओळ आहे: छोटी चाचणी, त्रुटीविना पूर्ण, आणि पुढे तास ८,२१४. तीन तास चाललेल्या डिस्कवर हा आकडा कसा?

कंपनीच्या अटीही वाचल्या. नवी किंवा रिफर्बिश्ड देऊ असं स्पष्ट लिहिलंय. बदली डिस्कला मूळ डिस्कची उरलेली वॉरंटी किंवा ९० दिवस, यातलं जे जास्त असेल ते. ईमेल आज सकाळी पाठवला.

एक गोष्ट मनात घोळतेय. आमची बंद पडलेली डिस्कही अशीच दुरुस्त होऊन कुणाकडे गेली असेल का? तिच्यात लोकांच्या घरचे फोटो होते.

पेचकस

उत्तर मिळालं, ताई. डिस्क रिफर्ब आहे. ८,२१४ तास म्हणजे दिवसरात्र धरले तर ३४२ दिवस. आधीच्या मालकानं ती टीव्हीला, राउटरला किंवा अशाच कशाला तरी कायमची लावून ठेवली असणार, पोर्टेबल डिस्कवर एरवी एवढे तास लवकर चढत नाहीत. बाकीचे आकडे पुसले गेले, ही ओळ राहिली. त्या टॅबचा स्क्रीनशॉट सिरीयल नंबरासकट काढून ठेवा.

पण रिफर्ब म्हणजे मरणाला टेकलेली, असं समजू नका. परत येणाऱ्या डिस्कांत केबल खराब, पोर्ट सैल, फाइल सिस्टिम बिघडलेली अशा कारणांनी आलेल्याही असतात आणि डिस्क स्वतः धडधाकट असते. तुमची कुठल्या कारणानं परत गेली होती ते कळायला मार्ग नाही, म्हणून तिला काम द्यायच्या आधी पूर्ण पिंजून घ्या. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं मोफत साधन आहे. ते रिकामी जागा सगळी भरतं आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतं. सेकंदाला १०० एमबी धरले तरी ४ टीबी नुसते लिहायला ११ तास लागतात आणि वाचायला पुन्हा तेवढेच. लॅपटॉपवर लावा म्हणजे वीज गेली तरी बॅटरीवर चालू राहील, आणि स्लीप बंद करा. डिस्क टेबलावर मोकळी ठेवा, गादीवर किंवा बॅगेत नको, तापते. संपल्यावर पुन्हा '०५', 'सी५', 'सी६' बघा. शून्यच राहिले तर डिस्क वापरायला ठीक. एकही वाढला तर त्याच दिवशी दुसरी मागा, ९० दिवसांची वाट बघू नका.

काम कुठलं द्यायचं? तिसऱ्या प्रतीचं. लग्नाचं मूळ काम एका डिस्कवर, दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, ती शक्यतो स्टुडिओबाहेर घरी, आणि ही तिसरी. खरं सांगायचं तर अगदी नवी कोरी डिस्क असती तरी एकट्या तिच्यावर काम ठेवा असं मी म्हटलं नसतं. नव्या डिस्काही पहिल्या काही महिन्यांत जातात, त्या रडत आणणारी माणसं मी बघतो.

तुमच्या जुन्या डिस्कबद्दल. तिची टकटक बहुधा हेडची, म्हणजे तबकडीवरून डेटा वाचणाऱ्या भागाची होती. तशी डिस्क दुरुस्त होण्यापेक्षा भंगारात जाण्याचीच शक्यता जास्त, आणि रिफर्ब करताना अख्खा पृष्ठभाग नव्यानं लिहिला जातो. तरी तुमची काळजी रास्त आहे. बंद पडलेली डिस्क देताना आपल्याला पुसता येत नाही. यापुढे गिऱ्हाइकांच्या कामाची डिस्क पहिल्या दिवसापासून पासवर्ड लावून एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करा. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर, नाहीतर व्हेराक्रिप्ट. मग डिस्क कुणाच्याही हाती पडली तरी फोटो दिसणार नाहीत. पासवर्ड मात्र कागदावर लिहून घरात सुरक्षित ठेवा, तो हरवला तर मलाही काही करता येणार नाही.

स्टुडिओवाली_बार्शी

चाचणी लावलीय. सुरुवातीला वेग १२० च्या वर होता, आता बरीच भरल्यावर ७०च्या आसपास आलाय. हे खराबीचं लक्षण आहे का? थांबवू का? कंपनीचं उत्तरही आलं: "अटींनुसार रिफर्बिश्ड युनिट पाठवण्यात आले आहे." निशिगंधताई, लेखी विचारा म्हणालात ते बरं झालं.

पेचकस

थांबवू नका. डिस्क बाहेरच्या कडेकडून आत भरत जाते. तबकडी एकाच वेगानं फिरते, पण आतल्या वर्तुळात एका फेऱ्यात कमी डेटा मावतो, म्हणून शेवटाकडे वेग साधारण निम्म्यावर येतो. सगळ्या डिस्कांचं असंच असतं. शिवाय अडीच इंची ४ टीबी डिस्का बहुतेक एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यात कौलांसारखे एकावर एक सरकलेले ट्रॅक असल्यानं मध्येच काही मिनिटं वेग आणखी पडतो आणि परत वर येतो. वेग एक-दोन एमबीवर अडकून तिथेच राहिला, आवाज आला किंवा 'सी५' हलला, तरच थांबवा आणि इथे कळवा.

स्टुडिओवाली_बार्शी

संपली. एच२टेस्टडब्ल्यूनं कुठलीही चूक दाखवली नाही, तिन्ही ओळी शून्यच. मिस्टरांनी डिस्कवर मार्करनं 'रिफर्ब, तिसरी प्रत' आणि वॉरंटी संपायची तारीख लिहून टाकलीय. आता व्हेराक्रिप्ट लावते आणि मग मे महिन्याची लग्नं चढवते.